धुक्यातली सहल

चुकून एकच सहल मी दोनदा काढली,
मंगळवारची आणि गुरुवारची.
पैसे परत मिळणार नाहीत, खिडकीतला मुलगा म्हणाला,
मग माझा चेहरा बघून, पुढची सीट देतो.
चार दिवसांची रजा, त्यातले दोन एकाच रस्त्यावर.

मंगळवारी ऊन होतं, बस गच्च.
साबेलानं माइकवर टिचकी मारली,
"या किनाऱ्याचं नाव मृत्यूचा किनारा.
घाबरू नका, परतीचं भाडं धरलेलं आहे."
पन्नास माणसं हसली.
मग कडे, मग दीपगृह,
मग एक अख्खी नदी, कड्यावरून थेट समुद्रात उडी घेणारी.
दर ठिकाणी वीस मिनिटं, आणि वीस म्हणजे वीस.
वाटेत दगडी खांबांवर उभं धान्याचं कोठार दिसलं
तशी ती म्हणाली, "एलादिओ, थांबायचं का रे जरा?"
अगदी आत्ता सुचल्यासारखं.
एलादिओचा इंडिकेटर केव्हाचा टिकटिकत होता.

मुशियाच्या मोठ्या शिळेखालून
नऊ वेळा वाकून गेलं की पाठ बरी होते म्हणतात.
एका डच आजोबांनी विचारलं, गुडघ्याला चालेल?
"गुडघ्याचं ऑफिस दुसरीकडे आहे," साबेला.
शेवटी टोकावर आम्ही सगळे
समुद्राकडे पाठ करून ओळीनं उभे,
हात लांब करून, दात दाखवत.
निळं फार छान आलं फोटोत.

गुरुवारी धुकं.
वायपर चालू, आम्ही सहाजण
आणि एक झोपलेलं बाळ.
माइकवर टिचकी. "या किनाऱ्याचं नाव…"
आणि मी हसले, अर्धं वाक्य आधीच.
आरशातून तिनं मला पाहिलं.
माइक बंद करून हुकाला अडकवला
आणि आमच्याकडे तोंड करून पायरीवर बसली.

कड्यावर उतरलो. "समोर समुद्र," ती म्हणाली.
समोर नुसतं पांढरं, रात्रभर धरलेल्या सायीइतकं जाड.
"तिथे, माझ्या बोटाच्या रेषेत, एक खडक आहे.
माझी आत्या दोसिंदा त्यावर पेर्सेबेस काढते.
अंगठ्याएवढे जीव, दिसायला कुरूप, भाव मात्र विचारू नका.
दोन लाटांच्या मध्ये उतरायचं, खरवडायचं, वर यायचं.
वय एकसष्ट. कमरेला दोर,
दोराच्या दुसऱ्या टोकाला माझी आई.
दोघी नाताळापासून बोलत नाहीत."
मग दोर ओढायचा कधी, हे कसं कळतं? कोणीतरी विचारलं.
"त्याला बोलायला कुठे लागतं?
आत्यानं मला एवढंच शिकवलं,
समुद्राला पाठ दाखवायची नाही.
शिंक आली तरी."

मला मंगळवार आठवला. काही बोलले नाही.

फोटो काढण्यासारखं काही नव्हतंच,
म्हणून आम्ही नुसते उभे राहिलो, तोंडं तिकडे करून.
खाली कुठेतरी पाणी खडकात शिरत होतं, मागे सरत होतं,
मध्ये थोडी जागा सोडून.
मी ती जागा मोजायला लागले.
सात. अकरा. एकदा फक्त चार.
चारात काय हाताला लागणार?

वीस मिनिटं झाली, तीस झाली,
एलादिओनं हॉर्न वाजवला नाही.

परतीला कोठार कधी आलं ते कळलंच नाही.
इंडिकेटर मात्र वाजला, सवयीनं,
आणि बस त्या पांढऱ्यात कडेला उभी राहिली.
कोणी उतरलं नाही. बाळ उठलं, कुरकुरलं.
"आहे ते इथेच," साबेला म्हणाली, "माझ्या शब्दावर जा,"
आणि खिशातून फोन काढून
तिच्या भाषेत कोणाशी तरी भरभर बोलली.
मला एकच शब्द कळला, दोसिंदा,
तो तिनं दोनदा उच्चारला,
दुसऱ्यांदा जरा वरच्या आवाजात,
पलीकडून उत्तर आलं नसावं तसा.